बोलतं पायताण

आमच्या घरी कोण आलं हे बघायला दारापर्यंत जावं लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी कर्र-कर्र सुरू झाली की आई चुलीवर तवा टाकायची आणि म्हणायची, "तुझं आण्णा आलं बघ." ती कर्रकर्र उंबऱ्याशी येऊन थांबेपर्यंत पहिली भाकरी तव्यावर पडलेली असायची. आण्णा म्हणजे माझे वडील. ते कोल्हापुरी चपला करायचे. चपला म्हणायचं दुकानदारांनी आणि पावण्यांनी, आम्ही पायताण म्हणतो. हे पायताण करकरतं ते आपोआप नव्हे. तळाच्या दोन थरांच्या मध्ये विंचू नावाच्या रानझाडाच्या काळ्या बिया बसवतात, मग पाऊल पडलं की ते बोलतं. बिया कुठं आणि किती बसवायच्या हे ज्याचं त्याचं गुपित असतं. आण्णांच्या हातचं पायताण बारीक आणि स्वच्छ बोलायचं. लांबलांबचे पाटील लग्नासाठी खास त्यांच्याकडून जोड करून न्यायचे, कारण नवरदेव आला हे मांडवाला आधी कानानं कळलं पाहिजे, असा त्या लोकांचा थाट असे.

सगळ्या गल्लीत हाच धंदा. सकाळी सातला हातोड्या सुरू व्हायच्या त्या दिवेलागणीपर्यंत. मागच्या परड्यात बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडी भिजत असायची. तो वास केसात, उशीत, ज्वारीच्या पिठातसुद्धा बसलेला असे. आई तव्यावर मिरच्या भाजून दाण्याबरोबर खर्डा रगडायला बसली की ठसका सगळ्या गल्लीला लागायचा. शेजारची म्हातारी ओरडायची, "अगं मारतीस का काय आमास्नी?" आणि पाच मिनिटांनी वाटी घेऊन तीच दारात उभी. आण्णा जेवताना बोलायचे नाहीत, पण हात धुतला की त्यांना रोज एकच प्रश्न असे. "आज काय शिकलीस, सुमे?" घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मी काहीही सांगितलं तरी ते लक्ष देऊन ऐकायचे. एकदा मी त्यांना भूमितीतलं प्रमेय सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावरून कातड्याचा पट्टा कापून दाखवला.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात. परवा ती फोन घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ही स्टेप बघ, मला जमत नाहीये." तिच्या नाचाच्या क्लासात चा-चा शिकवतायत. मी पडल्या पडल्या म्हटलं, "टाच आधी टेकू नकोस, आणि पावलं निम्मी कर." तिनं फोन खाली ठेवला. माझे दोन्ही गुडघे बदललेले, संडासला जाताना भिंत धरते, आणि मी हिला चा-चा सांगतेय. "तुला कसं माहीत?" म्हणाली. मी म्हटलं, टीव्हीवर बघितलं. खोटं बोलायची माझी सवय जुनी आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गातली एक मुलगी मला शाहूपुरीत घेऊन गेली. खाली मोटारपंपांचं दुकान, वर लांबट हॉल. तिथं रूथ मॅडम बॉलरूम नाच शिकवायच्या. त्या इथल्याच, मराठी ख्रिस्ती. नवरा जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचा, तो वारल्यावर माहेरी परत आल्या, सोबत रेकॉर्डींचं एक खोकं घेऊन. साठीच्या असतील. पांढरी सुती साडी, खांद्याला पिन, आणि पायात मात्र उंच टाचेचे पट्ट्याचे सँडल. कोल्हापुरात बाईमाणसानं असा नाच शिकवणं म्हणजे त्या काळी लोकांना चघळायला विषय. पण मॅडमचं तोंड असं होतं की समोर कुणी अवाक्षर काढत नसे. "बघायला आलात? मग खुर्चीवर बसा. नाचायला आलात? मग चपला काढा," एवढंच म्हणायच्या. मी चपला काढल्या.

चा-चाची गंमत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा नाच क्यूबा नावाच्या बेटावरचा. दोन सावकाश पावलं आणि मग तीन भराभर, चा-चा-चा. पावलं लहान, जागा थोडी. वजन चवड्यावर. कंबर मुद्दाम हलवायची नाही, गुडघा सरळ केला की ती आपली आपण जाते. मी पहिल्या दिवशी कंबर हलवली तर मॅडम म्हणाल्या, "हे काय, दळण दळतेस?" जोडीदाराशी हा नाच म्हणजे निव्वळ चेष्टामस्करी. तो पुढं आला की आपण मागं, आपण पुढं गेलो की तो मागं, आणि मध्येच हात सोडून दोघं आपापली गिरकी घ्यायची. मला ते पहिल्या आठवड्यात जमलं. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी एक गोष्ट सापडली की जिच्यात मी सगळ्यांच्या पुढं होते. त्या हॉलमध्ये मी कुणाची कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. शिरीष नावाचा मुलगा माझा जोडीदार झाला. चांगल्या घरचा, सभ्य, हाताला घाम यायचा म्हणून दर पाच मिनिटांनी रुमालाला पुसायचा. त्यानं विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणाले, "लेदरचा बिझनेस आहे." लेदर! आमच्या परड्यात भिजत होतं ते कातडं आणि मी त्याचं लेदर करून टाकलं. तेव्हापासून क्लासला जायच्या आधी मी दोनदा साबण लावून केस धुवायला लागले. आईला वाटलं पोरगी मोठी झाली.

आण्णांना मात्र मी नाचाचं सगळं सांगितलं होतं. इतर कुणाच्या बापानं तंगड्या मोडल्या असत्या. हे म्हणाले, "नाचून दाव." मी स्वयंपाकघरात दाखवलं. आई पदराआड हसत होती. आण्णा माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, ते पायाकडं बघत होते. मग उठले, पाण्याची घागर आणली, माझे तळवे ओले केले आणि म्हणाले, "आता परत." शहाबादी फरशीवर माझी पावलं उमटत गेली. ते उकिडवे बसून एकेक ठसा बोटानं दाखवायला लागले. "हितं चवडा दाबतोय. हितं टाच नुसती शिवतीया. हितं पाऊल घासत गेलंय, बघ." मॅडमना जे शिकवायला महिना लागायचा ते या माणसानं ओल्या फरशीवर वाचलं. दुसऱ्या दिवशी हातोडीचा ठेका बदललेला. टक, टक, टक-टक-टक. मी अभ्यास सोडून बाहेर आले तर मान खाली घालून ठोकतायत आणि मिशीत हसतायत. आई म्हणाली, "आता हेबी नाचाय लागलं. घ्या, झालं!"

त्याच वेळी मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिथंच सगळं ठरलं. मॅडम म्हणाल्या होत्या की या नाचाचं नावच पायताणावरनं पडलंय. तिकडचे लोक नाचताना चपला जमिनीवर घासायचे, त्याचा आवाज चा-चा-चा असा यायचा, तेच नाव झालं. आण्णांनी हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली. "म्हंजे पायताणाच्या आवाजाचा नाच?" म्हणाले. "मग भले लोक हायती ती."

पावसाळा सरताना मॅडमनी स्पर्धा ठेवली. पुण्याहून दोन परीक्षक येणार होते आणि पहिली येणारी जोडी मुंबईला मोठ्या स्पर्धेला जाणार होती. मला जायचंच होतं. इतकं काही हवं असल्याचं मला त्यानंतर आठवत नाही. फक्त नाचाचे सँडल नव्हते. तळ मऊ लागतो, घसरू नये आणि चिकटूही नये असा, आणि तसे सँडल मुंबईलाच मिळायचे. आण्णा म्हणाले, "मुंबईला कशाला? मी करतो की." आणि पंधरा दिवस ते लग्नाची कामं बाजूला सारून त्याच्यामागं लागले. कातड्याची आतली, खरबरीत बाजू त्यांनी तळाला उलटी लावली, म्हणजे फरशीला बेतानं धरेल. टाच थरावर थर चिकटवून उभी केली, उभ्या जन्मात त्यांनी एवढी उंच टाच केली नव्हती. एरवी शिवण चामड्याच्या वादीची असते, पण ती जाड होऊन बोटांना लागेल म्हणून त्यांनी लाल सुती दोरा आणला, त्याला मेण लावलं आणि तांदळाएवढ्या टाक्यांनी सगळा जोड शिवला. लाल का, विचारलं तर म्हणाले, "नाचाचं हाय न्हवं? जरा उठून दिसूं दे."

आदल्या दिवशी जोड माझ्या हातात दिला. मी घालून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. पाय त्यात असा बसला की पट्टा कुठं सुरू होतो ते कळेना. मी आण्णांच्या गळ्यात पडायची तेवढी राहिले. आता कुणी विचारेल, तुला तेव्हा आवाज नाही का आला? आला असणार. पण ज्या घरात जन्मापासून प्रत्येक पाऊल करकरतं त्या घरात करकर ऐकू येत नाही. पायताण म्हटलं की ते बोलणारच. आण्णांनी त्यात बिया बसवल्या होत्या, सगळ्यात बारीक निवडून, पाटलांच्या नवरदेवाला बसवतात तशा. नाचाचं नावच पायताणाच्या आवाजावरनं पडलंय म्हटल्यावर मुकं पायताण देऊन पोरीची आब घालवायची व्हय? असा त्यांचा सरळ हिशेब. मला विचारावंसंही त्यांना वाटलं नाही, इतका.

स्पर्धा दुपारी होती. घरी मी वेळ सांगितली नव्हती, जागाही सांगितली नव्हती. "तिथं घरच्यांना येऊ देत नाहीत," म्हणाले होते. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, मुलामुलींचे आईबाप नटून आलेले, परीक्षक टेबलामागे. आमचं नाव पुकारलं. रेकॉर्ड लागायच्या आधी जोडीनं चालत मधोमध जायचं असतं, सगळे गप्प असतात. शिरीषनं माझा हात धरला आणि आम्ही निघालो. कर्र. कर्र. कर्र. कर्र. पहिल्यांदा मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मग एका पोरानं "आलं, आलं, पाटील आलं!" म्हणून आरोळी ठोकली आणि सगळा हॉल फुटला. परीक्षकसुद्धा तोंडावर कागद धरून हसत होते. मी कानापर्यंत लाल. शिरीषनं माझ्या पायाकडं बघितलं. "हे काय घातलंयस? कुणी केलं हे?" तो काही वाईट बोलला नाही, नुसतं विचारलं. पण मोठ्यानं विचारलं, आणि सगळे उत्तर ऐकायला थांबले. तेवढ्यात मला दाराशी आण्णा दिसले.

धुतलेला सदरा, डोक्याला फेटा, पायात ठेवणीतला जोड. जागा त्यांनी कुठून शोधली कोण जाणे. लोक हसत होते आणि आण्णाही हसत होते. त्यांना वाटत होतं लोकांना आवडलंय. हे चित्र मी इतक्या वर्षांत एक दिवस विसरले नाही. तो माणूस कौतुकानं हसत होता.

मी म्हणाले, "बाजारातनं घेतली. फसवलं त्या माणसानं."

एवढंच. चार-पाच शब्द. खरं सांगायचं तर "माझ्या वडिलांनी केलीय", हेही तीन-चार शब्दच झाले असते. तोंडाला तेवढेच कष्ट पडले असते.

आण्णांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी शिरीषकडं बघितलं, खुर्च्यांवरच्या साड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि ते चालत पुढं आले. त्यांचाही जोड बोलत होता, तसाच, कर्र, कर्र. लोक दुप्पट हसले. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. स्वतःच्या पोरीला. "ताई, चुकलं माझं," म्हणाले. "मीच इकली तुमास्नी. गिऱ्हाइकाला इचारून करायला पायजे हुतं. द्या हिकडं, उद्याच्याला नीट करून देतो." खाली वाकून त्यांनी माझ्या पायातले पट्टे सोडले, जोड काखेत मारला, शिरीषला म्हणाले, "पावणं, ताईंची काय चूक न्हाय ह्यात," आणि आले तसे निघून गेले. जिन्यावरनं ती कर्रकर्र खाली उतरेपर्यंत हॉल हसत होता. मी हाक मारली नाही. मारायची होती. घसा असा आवळला होता की... नाही, हे खोटं. घसा मोकळा होता. मी मारली नाही.

रूथ मॅडमनी स्वतःचे सँडल काढून मला दिले, अर्धं बोट सैल. आणि मी नाचले. इथं मला म्हणता आलं असतं की माझे पाय थरथरत होते, ठेका चुकला. एकही चुकला नाही. माझं गुपित वाचलं होतं ना, अंग हलकं झालं होतं. त्या दिवशी नाचले तशी पुढं कधीच नाचले नाही. आमचा पहिला नंबर आला. मी कपडे बदलत असताना मॅडम जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माणसांची तोंडं मी विसरते, पाय विसरत नाही. तो चपलेवाला पाऊल टाकतो अगदी तुझ्यासारखं." मी सँडलचा पट्टा सोडत बसले. सँडल उचलून त्या गेल्या.

घरी आले तर दिवस अजून मावळायचा होता. आण्णा ओसरीवर कामाला बसलेले. बक्षिसाचा कप मी पिशवीतच ठेवला होता. "काय झालं गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "पहिला आला." "मग झालं की," म्हणाले. पुढ्यात माझा जोड उसवून पडला होता, शेजारी बशीत काळ्या बिया. माझ्या डोळ्यासमोर त्यांनी तो परत शिवला, त्याच लाल दोऱ्यानं. शेवटच्या टाक्याला दोरा संपला. आईनं त्या दिवशी गोडाचा शिरा केला, कौतुकानं सगळ्या गल्लीत वाटला. हॉलमध्ये काय घडलं ते आण्णांनी तिला सांगितलं नाही, मीही नाही. रोजचा प्रश्न मात्र त्या दिवशी आला नाही. आज काय शिकलीस, सुमे? नाही विचारलं. मुंबईला आम्ही गेलो आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. तिथंही मी मॅडमचेच सँडल घातले होते. आण्णांनी मुका केलेला जोड मी ट्रंकेत ठेवला, परत पायात घातला नाही. घालावासा वाटायचा, पण तोंड नव्हतं. हळूहळू नाचही सुटला.

पुढं मी बँकेत लागले, लग्न झालं, आण्णा थकत गेले. माहेरी गेले की आईची एक तक्रार ठरलेली. "हे आता मांजरागत येत्यात. कवा आलं कळतबी न्हाय. भाकरी टाकायची कवा मी?" आण्णा म्हणायचे, "वय झालं, पाऊल हलकं पडतंय." मीही तेच धरून चालले. खरंच सांगते, मला काही सुचलंच नाही. बापाची चाल मुकी झाली आणि मी आपली बँकेची, पोराबाळांची गाऱ्हाणी सांगत बसले.

आण्णा गेले, दिवस झाले, आणि त्यांच्या वस्तू कुणाकुणाला द्यायच्या म्हणून आईनं बाहेर काढल्या. त्यात तो ठेवणीतला जोड होता, हॉलमध्ये घालून आले होते आणि थकल्यावर रोजच घालायला लागले होते तो. मी उचलला. सहज हातानं वाकवून बघितला. आवाज नाही. पालथा केला. सगळी शिवण चामड्याच्या वादीची, आण्णांच्या हातची, आणि चवड्याजवळ मात्र वीतभर जागा उसवून परत शिवलेली होती. लाल दोऱ्यानं. तांदळाएवढे टाके. दुसऱ्या पायालाही तसेच. तो दोरा त्यांनी जन्मात एकाच कामासाठी आणला होता, आणि तो माझ्या जोडाच्या शेवटच्या टाक्याला संपला होता. म्हणजे त्याच दिवशी, मी घरी पोचायच्या आधी, माझ्या जोडाला हात लावण्यापूर्वी या माणसानं आधी स्वतःचं पायताण मुकं केलं होतं. पुन्हा कधी पोरीच्या माणसांत जायची वेळ आली तर आपण आल्याचं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आई शेजारी बसली होती. माझ्या हातातल्या जोडाकडं बघून म्हणाली, "पूर्वी किती ग्वाड बोलायचं ते. वयानं आवाज गेला बघ त्यांच्या पायाचा." मी म्हणाले, "व्हय."

तीही आता नाही. काल नातीनं परत विचारलं, आजी, खरं सांग, तू कुठं शिकलीस? मी तिला म्हटलं, ट्रंक उघड, तळाला फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आहे ते आण. तिनं दोन्ही जोड माझ्या मांडीवर ठेवले, माझा आणि आईकडून मागून घेतलेला आण्णांचा. म्हणाली, "किती सुंदर आहेत! कुणी केले?"